डबच्या डोहात

एक माणूस तबकडीत गायकाचा आवाज घालायला विसरला आणि त्या विसरण्यातून डब नावाचा संगीताचा अख्खा एक प्रकार उभा राहिला. जागा जमैका, काळ १९६०च्या दशकाची अखेर. स्पॅनिश टाऊन या गावात रडी रेडवूड यांची साउंड सिस्टिम होती. म्हणजे भल्यामोठ्या स्पीकरांची भिंत रचायची आणि मैदानात रात्रभर लोकांना नाचवायचं, हा त्यांचा धंदा. त्यांनी ड्यूक रीड यांच्या ट्रेझर आयल स्टुडिओतून पॅरागॉन्स या मंडळीच्या 'ऑन द बीच' गाण्याची एक खास तबकडी कापून घेतली. कापणारे बायरन स्मिथ गायकांचा ट्रॅक चालू करायलाच विसरले. हाती आले फक्त बास, ड्रम आणि इतर वाद्यं. रेडवूडनी ती तबकडी फेकली नाही. नाचाच्या वेळी आधी मूळ गाणं लावलं, त्यामागून ही बिनगायकाची आवृत्ती. गायक गप्प झाल्याबरोबर गर्दीच गायला लागली!

आज 'ट्रायबल अँबियंट डब' या नावाने जे संगीत ऐकलं जातं, त्यात पोटात उतरणारा बास असतो, विरत जाणारे प्रतिध्वनी असतात, जंगलातले नि वाळवंटातले ढोल असतात आणि लांबून कुठून तरी येणारा माणसाचा गळा असतो. त्याच्या नादी लागलेला माणूस तासन् तास बाहेर येत नाही. का येत नाही, याचं उत्तर मला त्या स्पॅनिश टाऊनच्या नाचात सापडतं. हे संगीत ऐकणाऱ्यासाठी जागा मोकळी ठेवतं. आता त्या मोकळ्या जागेतल्या गमती बघू.

रेडिओ दुरुस्तीवाला राजा

ऑस्बर्न रडक म्हटलं तर कुणाला पत्ता लागणार नाही, किंग टबी म्हटलं की जगभरचे डबवाले उठून उभे राहतील. किंग्स्टनच्या वॉटरहाऊस वस्तीत ते रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करायचे. स्टुडिओ राहत्या घरातच. गायकाने उभं राहून गायची खोली म्हणजे घराचं न्हाणीघर. मिक्सर जुना, डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओकडून घेतलेला, आणि टेपवर ट्रॅक अवघे चार.

त्या मिक्सरवर एक मोठं बटण होतं. ते फिरवत नेलं की खालचे स्वर टप्प्याटप्प्याने गळायचे आणि शेवटी झांजेची नुसती सळसळ उरायची. टबींनी ते बटण वाद्यासारखं वाजवलं. आवाजाला घुमारा देणाऱ्या रिव्हर्बच्या पेटीत स्प्रिंगा असतात. पेटीला दणका दिला की आभाळ गडगडल्यासारखा आवाज येतो. तोही त्यांनी गाण्यात घेतला. टेप चालू असताना एका दमात सगळं करायचं: गिटार काढ, बास ठेव, गायकाचा एकच शब्द येऊ दे आणि तो प्रतिध्वनीत सोडून दे. त्यामुळे एकाच गाण्याचे दोन डब कधी हुबेहूब सारखे निघाले नाहीत. ऑगस्टस पाब्लो यांच्यासोबतचा 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाऊन' हा १९७६चा अल्बम ऐका. पाब्लो त्यात मेलोडिका वाजवतात. तोंडाने फुंकायची, शाळकरी पोरांच्या हातात असते ती छोटी पेटी. त्या छोट्या पेटीचा सूर टबींच्या हाताखाली दरीत घुमावा तसा घुमतो.

फेब्रुवारी १९८९मध्ये टबींना त्यांच्या घराबाहेर गोळी घालून मारलं गेलं. वय ४८. मिक्सरपुढे बसलेला माणूसही कलावंत असतो, हे जगाला त्यांनी पटवलं.

समेवर कुणीच नाही

जमैकाच्या रेगे संगीताचा 'वन ड्रॉप' ठेका घ्या आणि चार मात्रा मोजा. पहिल्या मात्रेवर ड्रम गप्प. ठोका पडतो तिसऱ्यावर. आपल्याकडे सम म्हणजे गायक आणि तबलजी यांची भेटायची जागा. ती साधली की बैठकीतल्या माना आपोआप हलतात. इथे नेमकी तीच जागा रिकामी! मग ती कोण भरतं? तुमचं शरीर. पाय आपसूक पडतो आणि ऐकणारा न ठरवता साथीला बसतो. डबने रेगेकडून घेतलेलं सगळ्यात मोठं धन हेच, असं माझं ठाम मत आहे.

सात मीटरचा स्वर

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ५० हर्ट्झचा बास वाजला तर त्याच्या एका लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर भरते. बहुतेकांच्या दिवाणखान्यापेक्षा ती लाट लांब! अशा लांब लाटांना भिंती फारशा अडवत नाहीत. म्हणून तर पलीकडच्या गल्लीतल्या वरातीचा ठोका घरात पोचतो आणि गाण्याचे शब्द बाहेरच राहतात.

आणखी एक नवल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑर्फिक्स या जोडीच्या खऱ्याखुऱ्या मैफलीत एक प्रयोग केला; त्याचे निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. ८ ते ३७ हर्ट्झ इतके खालचे स्वर देणारे खास स्पीकर ते मधूनमधून चालू-बंद करत राहिले. प्रेक्षकांच्या डोक्याला हालचाल टिपणारे पट्टे होते. स्पीकर चालू असताना लोकांचं नाचणं सरासरी ११.८ टक्क्यांनी वाढलं. ते स्वर चालू आहेत की बंद, हे मात्र कानाला ओळखता येत नव्हतं. बास कानाच्या आधी अंगाला कळतो, असं डबवाले कायम सांगत आलेत. त्यांना आता आकडाही मिळाला.

तीन ढोलांची बैठक

जमैकाच्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं न्याबिंगी वादन तीन ढोलांवर चालतं. बास हा सगळ्यात मोठा, तो गंभीर ठोके देतो. फुंडे हृदयाचे जोडठोके अखंड चालू ठेवतो. रिपीटर या दोघांच्या अंगाखांद्यावर खेळतो, बोलतो, प्रश्न विचारतो. गुलामीच्या काळात आफ्रिकेतून आलेल्या लोकांच्या बुरू आणि कुमिना या परंपरांचं रक्त त्यात आहे. ढोलवादक काउंट ऑसी यांनी हे ढोल १९६०मध्ये फोक्स ब्रदर्सच्या 'ओ कॅरोलिना' या गाण्यात आणले. १९७३मध्ये त्यांच्या वादकमंडळीने 'ग्राउनेशन' हा तीन तबकड्यांचा संच काढला.

आजच्या कुठल्याही ट्रायबल डबचा ठेका नीट ऐका. वरचे रंग अरबी असोत, आफ्रिकी असोत की आणखी कुठले, खाली फुंडेचे ते जोडठोके बहुतेक वेळा सापडतातच.

पेरींची जादूची खोली

टबींसारखेच डबचे दुसरे जादूगार ली 'स्क्रॅच' पेरी यांनी १९७३मध्ये घराच्या मागच्या अंगणात ब्लॅक आर्क नावाचा स्टुडिओ बांधला. इथेही ट्रॅक चारच. चारही ट्रॅक भरले की ते मिळून एकावर उतरवायचे आणि पुन्हा नवे थर चढवायचे. प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढायची, आवाजाच्या कडा बोथट व्हायच्या, आणि त्यातूनच तो धुकट, दमट, रानातला वाटणारा नाद यायचा. पेरी टेपवर धूर सोडायचे. ताडाच्या झाडाखाली मायक्रोफोन पुरून त्यांनी जमिनीवर थापा मारल्या आणि ढोल म्हणून वापरल्या, अशाही कथा आहेत. काँगोज या गायकमंडळीच्या 'हार्ट ऑफ द काँगोज' या १९७७च्या अल्बममध्ये एक गाय हंबरते. ते हंबरणं वॅटी बर्नेट या गायकाने पुठ्ठ्याच्या नळीतून काढलं, असं सांगतात.

पेरींच्या हाताशी रोलँड कंपनीचं स्पेस एको होतं. १९७४मध्ये बाजारात आलेल्या या पेटीत टेपचं एक वेटोळं मोकळं फिरत राहतं. एक हेड आवाज टेपवर लिहितं, पुढची तीन हेडं तो थोड्याथोड्या अंतराने वाचतात. परत आलेला आवाज पुन्हा आत सोडला की प्रतिध्वनीला प्रतिध्वनी फुटतात आणि प्रत्येक फेरीत आवाज थोडा मळतो, थोडा मऊ होतो. आज संगणकावर तेच बिनचूक करता येतं. तरीही संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये त्या टेपचा मळ आणि डगमग मुद्दाम घातली जाते, कारण कानाला तीच हवी असते.

न पाहिलेली आफ्रिका

१९८१मध्ये लंडनचे निर्माते एड्रियन शेरवूड यांनी इंग्लिश संगीतकार ब्रायन इनो यांची एक कल्पना वाचली. इनोंना आफ्रिकेचं स्वप्नवत, भास झाल्यासारखं चित्र संगीतात हवं होतं. शेरवूडनी ते मनावर घेतलं. जोडीला जमैकाच्या क्लॅरेंडनमध्ये वाढलेले तालवादक बोंजो इयाबिंगी नोआ. त्यातून आफ्रिकन हेड चार्ज हे पथक उभं राहिलं. पहिल्या अल्बमचं नाव 'माय लाइफ इन अ होल इन द ग्राउंड'. इनो आणि डेव्हिड बर्न यांच्या त्याच वर्षीच्या गाजलेल्या अल्बमच्या नावाला दिलेली ती थेट टाळी होती. १९९०च्या 'साँग्ज ऑफ प्रेझ'मध्ये देशोदेशीच्या प्रार्थनांचे आवाज न्याबिंगी ढोलांवर तरंगतात. माझ्या लेखी या प्रकारातला तो सर्वांत मोठा अल्बम.

पुढे बोंजो खरोखरच आफ्रिकेत राहायला गेले, घानामध्ये. २०२३चा त्यांचा अल्बम 'अ ट्रिप टू बोल्गाटांगा' घानाच्या उत्तरेकडच्या गावाच्या नावाचा आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट मँचेस्टरच्या ब्रिन जोन्स यांची. मुस्लिमगॉझ या नावाने त्यांनी अरब जगाच्या ढोलांवर नव्वदाहून अधिक अल्बम काढले आणि पश्चिम आशियात पाऊलही ठेवलं नाही. १९९९मध्ये ते वारले, अवघ्या ३७व्या वर्षी.

बुद्धिबळ खेळत गाजवलेलं गाणं

डबमध्ये अँबियंट, म्हणजे वातावरणासारखं भोवती पसरणारं संथ संगीत, मिसळलं ते इंग्लंडात. रात्रभर नाचून दमलेल्या पोरांना पडून राहायला क्लबमध्ये एक शांत खोली असायची, तिथे हे संगीत मुरलं. १९९२मध्ये बर्मिंगहॅमच्या बियाँड रेकॉर्ड्सने 'अँबियंट डब' नावाची संकलनमालिका सुरू केली आणि प्रकाराला नाव चिकटलं. त्याच वर्षी द ऑर्ब या मंडळीचं 'ब्लू रूम' आलं. ब्रिटनच्या यादीत एकल गाणं म्हणून नोंद व्हायला तेव्हा ४० मिनिटांची मर्यादा होती. ऑर्बनी लांबी ठेवली ३९ मिनिटं ५७ सेकंद! आणि ते आठव्या क्रमांकापर्यंत चढलंही. 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात मागे गाणं वाजत होतं आणि कलाकार पटावर सोंगट्या हलवत बसले होते. बास होता जा वॉबल यांचा. चाळीस मिनिटं एक गाणं अंगावर वाहू द्यायला कितीतरी लोक तयार असतात, हे त्या दिवसांत सिद्ध झालं.

ट्रम्पेटवर किराणा

आता थेट आपल्या ओसरीवरची गोष्ट. अमेरिकन ट्रम्पेटवादक जॉन हॅसेल १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकायला लागले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. त्याच घराण्याचे दुसरे आधारस्तंभ उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांची कबरही मिरजेत आहे. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. एका स्वरावर ठिय्या देऊन बसायचं, त्याच्या आत शिरायचं आणि मींड घेत पुढच्या स्वराकडे सावकाश सरकायचं, हा किराण्याचा धर्म. हॅसेलनी तो फुंकवाद्यावर आणला. त्यांचा ट्रम्पेट ऐकताना हे पितळी वाद्य आहे यावर विश्वास बसत नाही, कुणी गुणगुणतंय असंच वाटतं. मग त्या सुराला यंत्राने आणखी सूर जोडले, खाली हाताचे ढोल ठेवले. १९८०मध्ये इनोंसोबत 'फोर्थ वर्ल्ड' मालिकेचा पहिला अल्बम आला. पुढच्या चाळीस वर्षांतल्या ट्रायबल अँबियंटची बरीचशी वाट याच एका तबकडीने आखून दिली. मिरजेचं नातं इतक्या लांब पोचलंय, याचा मला मनापासून आनंद होतो.

वाळवीचं कोरीव काम

ऑस्ट्रेलियाचं डिजरिडू कोण पोखरतं? वाळवी! निलगिरीच्या जातीचं झाड आतून वाळवीने खाल्लेलं असलं की कारागीर थाप मारून ते ओळखतो, तोडतो, साफ करतो. आर्नहेम लँडचे योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. अमेरिकेच्या स्टीव्ह रोच यांनी १९८८च्या 'ड्रीमटाइम रिटर्न'मध्ये या खर्जाला सिंथेसायझरचं आभाळ दिलं.

श्वासाची हीच युक्ती पालघर जिल्ह्यातले वारली तारपावादक पिढ्यान् पिढ्या वापरत आलेत. दुधी भोपळा आणि बांबूचा तारपा न थांबता वाजतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती फिरत राहते. अखंड सूर आणि गोल फिरणारा ठेका, गुंगवून टाकायला एवढं पुरतं.

गोव्याचा वेग निम्मा

गोवा ट्रान्स हा नाचाच्या संगीताचा प्रकार साधारण मिनिटाला १४० ठोक्यांनी धावतो. निम्मे केले की ७०, डबची चाल! ब्रिटिश निर्माते ऑट यांनी २००२च्या 'हॅल्युसिनोजेन इन डब'मध्ये सायमन पॉसफर्ड यांची धावती गाणी घेऊन त्यांचे असे डब केले. पॉसफर्ड आणि बासरीवादक राजा राम यांची जोडी म्हणजे श्पाँगल. भारतात पाहिलेल्या सूर्यग्रहणातून आपलं पहिलं गाणं सुचलं, असं ते सांगतात.

तबल्याच्या अंगाने हाच प्रवास अमेरिकन बासवादक बिल लासवेल यांनी केला. 'टॅब्ला बीट सायन्स' या त्यांच्या मंडळीचा 'ताला मेट्रिक्स' २०००मध्ये आला. बास लासवेल यांचा आणि तालाला मुंबईचे झाकिर हुसेन, मुंबईचेच त्रिलोक गुर्टू, लंडनचे तलविन सिंग आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेले कर्श काळे. त्रिलोक हे शोभा गुर्टूंचे चिरंजीव. मैफलीत ते पाण्याची बादली ठेवतात; वाजवलेली झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. बादलीभर पाण्यातून निघालेला तो सूर कुठल्याही यंत्राला लाजवेल.

अफुनाक्वा

ही गोष्ट थांबून वाचा. सॉलोमन बेटांमधल्या मलाइता बेटावर, बाएगू समाजातल्या अफुनाक्वा नावाच्या बाईंनी एक अंगाईगीत गायलं. 'रोरोग्वेला' त्याचं नाव. आईवडील गेलेल्या लहानग्याला थोरलं भावंड समजावतंय, असा त्याचा आशय. स्वित्झर्लंडचे अभ्यासक ह्यूगो झेंप यांनी १९७०मध्ये ते ध्वनिमुद्रित केलं आणि युनेस्कोच्या संग्रहात ते प्रसिद्ध झालं. १९९२मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने तो गळा उचलला, खाली ठेका घातला आणि 'स्वीट ललबाय' म्हणून जगभर विकला. जाहिरातीत वाजला, लाखो घरांत पोचला. अल्बमची सगळी सजावट मध्य आफ्रिकेतल्या पिग्मींची. त्यामुळे नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक यांनी १९९६मध्ये तीच चाल वाजवली, तेव्हा तिला नाव दिलं 'पिग्मी ललबाय'. प्रशांत महासागरातल्या बाईंचं गाणं आफ्रिकेच्या नावावर जमा झालं. अफुनाक्वांना कुणी विचारलं नव्हतं. हे सगळं संगीताचे अभ्यासक स्टीव्हन फेल्ड यांनी २०००मध्ये एका निबंधात उघड केलं.

डबमध्ये रिकाम्या जागेतून येणारा तो एकटा गळा काळजाला भिडतो, म्हणूनच तो कुणाचा आहे हे कळलं पाहिजे. 'जंगलातला गूढ आवाज' असं काही नसतं. ती कुणाची तरी आजी असते, कुणाचा तरी शिकारीला निघालेला बाप असतो.

आणि हे नीट करता येतं. इंग्लंडचे मार्टिन क्रॅडिक आणि सू हार्ट कॅमेरूनच्या बाका लोकांमध्ये जाऊन राहिले, त्यांच्यासोबत वाजवलं. १९९३मध्ये बाका बियाँड या नावाने 'स्पिरिट ऑफ द फॉरेस्ट' आला आणि मिळकतीतला वाटा बाका वस्तीकडे जाईल, अशी व्यवस्था त्यांनी केली. तिथल्या बाया नदीत कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून ओंजळीच्या थापांनी पाण्यावर ठेका धरतात. त्या ठेक्याला लिक्विंडी म्हणतात. एकदा ऐकाच.

ऐकायचं कसं?

फोनच्या स्पीकरवर मुळीच नको; त्या टिकलीएवढ्या पडद्यातून ५० हर्ट्झ बाहेर पडतच नाही, म्हणजे निम्मं गाणं गायब. चांगले हेडफोन किंवा मोठा स्पीकर घ्या, आवाज माफक ठेवा, कानांना आयुष्यभर काम आहे. सुरुवात टबींपासून करा, मग 'साँग्ज ऑफ प्रेझ', मग हॅसेल, मग ऑट. गाणी सुटी सुटी उचलू नका, अल्बम सलग ऐका. आणि एखादा गळा मनात घर करून बसला, तर श्रेयनामावली उघडा आणि त्याचं नाव शोधा. नाव दिलेलं नसेल, तर ज्या कंपनीने तो अल्बम काढला तिला दोन ओळी लिहा आणि विचारा की हे कोण गातंय आणि त्यांना पैसे मिळाले का.